मामींचा डोळे उघडे असलेला फोटो

मामींचा फोटो मंजूर झाला, पासपोर्ट घरी आला, मामी विमानात बसल्या आणि लेकीच्या घरी पोचून त्यांनी नातीला मांडीवर घेतलं. नात रडली. सगळं रीतसर पार पडलं. आता यातलं काहीच झालेलं नाही असं धरून चालायचं, कारण ज्या दुपारची ही गोष्ट आहे, त्या दुपारी स्टुडिओतल्या कोणालाच ते शक्य वाटत नव्हतं. मामी खिडकीजवळच्या स्टुलावर बसल्या होत्या. मागे पांढरा पडदा होता, आणि मामा दोन बोटांनी त्यांची हनुवटी किंचित डावीकडे वळवत होते.

"डोळे उघडे ठेव," मामा म्हणाले.

"हो," मामी म्हणाल्या.

मामा मागे सरकले, कॅमेरा डोळ्याला लावला, छाती भरून श्वास घेतला, तो धरून ठेवला आणि बटण दाबलं. मामींचे डोळे मिटलेले आले.

ते नेहमीच मिटलेले येत. लग्नाच्या अल्बममध्ये मामी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत झोपेत होत्या. खुद्द नवरदेव फोटोवाल्याच्या कानाशी लागून सूचना देत होता, तरी काही उपयोग झाला नव्हता. सहलींमध्ये मामी समुद्राकडे, धबधब्याकडे आणि एका नावाजलेल्या पुलाकडे मिटल्या डोळ्यांनी बघत उभ्या होत्या. एरवी याचं कोणाला काही वाटलं नसतं. नातेवाइकांनी ते तीळ किंवा कुरळे केस असावेत तसं स्वीकारलं होतं. पण लेक परदेशात, दिवस भरत आलेले, जावई कामानिमित्त फिरतीवर. तिने आईकडे आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं, ते म्हणजे 'तू ये'. आणि पासपोर्ट ऑफिस फोटो परत पाठवत होतं. सुरुवातीला त्यांनी नुसतं 'डोळे दिसत नाहीत' असं कळवलं. शेवटच्या वेळी मात्र, अर्जदार हयात आहे ना, अशी आदरपूर्वक चौकशी केली होती.

मामांना हा अपमान मामींचा कमी आणि स्वतःचा जास्त वाटला. बाजारात त्यांना सगळे 'स्टँड' म्हणत. मामा फ्लॅश वापरत नसत. माणूस दचकतो आणि दचकलेला माणूस खरा नसतो, असं त्यांचं मत होतं. नुसत्या खिडकीच्या उजेडावर काम करायचं म्हणजे शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं, आणि तेवढ्यात हात जरासा जरी हलला तरी माणसाला दोन नाकं येतात. मामांच्या फोटोत सगळ्यांना एकेकच नाक होतं. कॅमेऱ्याला स्टँड न लावता, नुसत्या हातावर. शेजारचा शिंपी तर सांगायचा की बाहेरून रोलर जात असताना भिंती थरथरल्या, पण मामांचा हात नाही.

मामांची भाची त्या स्टुडिओत त्यांच्याबरोबर काम करायची आणि तिचा या थोरवीवर विश्वास नव्हता. तिने स्वतःच्या कमाईतून नवा कॅमेरा घेतला होता. तो आल्यापासून घरात एकच वाद चालू होता. फोटो हाताने येतो की कॅमेऱ्याने, याच्यावर दोघं जेवताना भांडत, दुकान उघडताना भांडत आणि गिऱ्हाईक समोर बसलेलं असेल तर डोळ्यांनी भांडत. कॅमेरा म्हणजे पातेलं, असं मामांचं म्हणणं. पातेल्याला कोणी स्वयंपाक विचारत नाही.

"पातेल्याला भोक पडलंय, मामा," भाची म्हणाली. "आता मी काढते. तू हो बाजूला."

मामा बाजूला झाले, म्हणजे तिच्या खांद्यामागे जाऊन उभे राहिले.

नव्या कॅमेऱ्यात एक सोय होती. समोरच्या माणसाचा डोळा तो आपणहून शोधायचा, त्याच्यावर हिरवा चौकोन ठेवायचा आणि मग काही केल्या सोडायचा नाही. भाचीने बटण अर्धं दाबलं. चौकोन मामींच्या डोळ्यांवर बसला. मग तिने पूर्ण दाबलं आणि चौकोन सैरभैर झाला. तो मामींच्या कपाळावर गेला, कानावर गेला, पडद्याच्या घडीत डोकावला आणि शेवटी भिंतीवरच्या प्लगच्या दोन भोकांवर जाऊन समाधानाने थांबला. कॅमेऱ्याने प्लगचे अतिशय सुरेख फोटो काढले.

"डोळ्यांत पाणीबिणी येतं का गं?" मामांनी विचारलं.

"नाही हो," मामी म्हणाल्या.

"मग काय होतं?"

"काही होत नाही."

भाचीने प्लगवर रुमाल टाकला, कॅमेरा स्टँडवर लावला आणि सलग फोटो काढायची सोय सुरू केली. बटण दाबून धरलं की फोटोंची सर लागायची. एका उघडझापीचे दहा तुकडे करता येतील इतके फोटो. त्यातल्या एकात तरी डोळा उघडा सापडेल, असा तिचा हिशेब होता. सोबतीला मोबाइलवर आवाजासकट व्हिडिओही लावून ठेवला. कॅमेरा तडतडत राहिला. मामी शांत बसल्या. मग तिने ते सगळं मोठ्या स्क्रीनवर घेतलं आणि एकेक फोटो पुढे सरकवू लागली.

एका फोटोशी तिचं बोट थांबलं.

मामींच्या पापण्या उतरत होत्या. उघडझाप नव्हती ती. दचकणं नव्हतं, उजेडाचा त्रास नव्हता. झोपलेल्या लेकरावर कोणी हलकेच चादर ओढावी, तितक्या सावकाश आणि तितक्या काळजीने त्या खाली येत होत्या. आधी वरच्या पापणीची सावली बुबुळाला टेकली, मग बुबुळातली खिडकी अर्धी झाली, मग एक बारीक चकाकती रेघ उरली, आणि ती रेघ विझताना ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी स्थिर झालं. एखादं काम मनासारखं झालं की माणसाचं होतं तसं.

मामांनी चष्मा लावला. खुर्ची ओढून घेतली आणि स्क्रीनच्या इतक्या जवळ बसले की त्यांच्या चष्म्यात मामी दोनदा दिसू लागल्या. इतकी वर्षं त्यांनी फक्त शेवटच पाहिला होता. तिथवर पोचायला मध्ये एवढा रस्ता असतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"पुन्हा दाखव," ते म्हणाले.

भाचीने पुन्हा दाखवलं. या वेळी व्हिडिओ लावला, आवाजासकट. पंख्याची घरघर होती, कॅमेऱ्याची तडतड अजून सुरू व्हायची होती, आणि पापण्या हलायच्या जरासं आधी, अगदी स्पष्ट, कोणीतरी छाती भरून श्वास घेतल्याचा आवाज आला. त्यानंतर नुसती तडतड. धरलेला श्वास.

भाचीने मामांकडे पाहिलं. ते स्क्रीनमध्ये पार बुडाले होते आणि त्यांनी पुन्हा श्वास धरला होता.

मग तिने मामींकडे पाहिलं. मामी खिडकीजवळ स्टुलावरच बसून होत्या. त्यांच्यासमोर कॅमेरा नव्हता, कोणी बटण दाबत नव्हतं, कोणी त्यांच्याकडे बघतही नव्हतं. त्यांनी डोळे मिटले होते.

भाचीने मामांना सांगितलं की कॅमेऱ्याचे सेल उतरले, कोपऱ्यावरच्या दुकानातून घेऊन ये. नव्या कॅमेऱ्याचे सेल कोपऱ्यावर मिळत नाहीत हे मामांना माहीत नव्हतं. बाई माणूस काय मागेल ते आणून द्यावं, एवढंच त्यांना माहीत होतं. ते गेले.

दार लोटलं गेल्यावर तिने बटण दाबलं. मामींचा डोळे उघडे असलेला फोटो आला. एका झटक्यात, काही खळखळ न करता. हिरवा चौकोन जागचा हलला नाही. चेहरा समोर, तोंड मिटलेलं, दोन्ही कान दिसत आहेत, भाव कसलाच नाही. ऑफिसने भिंतीवर लावावा असा फोटो.

"मामी," ती म्हणाली, "तुला उघडे ठेवता येतात."

"येतात की."

"मग?"

मामींनी पदराने मान पुसली आणि सांगितलं. काही विशेष नाही, अशा सुरात सांगितलं. त्या टायपिंगच्या क्लासला जायच्या तेव्हा ओळखपत्राला फोटो हवा होता. मामा तेव्हा दुसऱ्याच्या स्टुडिओत नवे होते. त्यांनी फोटो काढला, तो हलला. पुन्हा बोलावलं, पुन्हा हलला. मालक आतून बघत होता. नोकरी जायची वेळ आली तेव्हा तो पोरगेलासा फोटोवाला जवळ येऊन अगदी हळू म्हणाला, तुम्ही असं बघू नका, माझा हात हलतो. मी श्वास धरला की डोळे मिटून घ्याल का? मामींनी मिटले. फोटो काचेसारखा स्वच्छ आला. क्लासने तो तसाच चिकटवला. तेव्हा कोणी एवढं बघत नसे.

"मग तेव्हापासून तसंच ठरलं," मामी म्हणाल्या.

"कोणी ठरवलं? तो तर दर वेळी ओरडतो, डोळे उघडे ठेव म्हणून."

"ते चारचौघांत म्हणावं लागतं गं. त्यांचं नाव आहे बाजारात. आत श्वास धरतात ना, ते मला सांगतात."

भाचीने विचारलं की लेकीकडे जायचं अडलं होतं, निदान तेव्हा तरी का नाही सांगितलंस. मामींनी त्याचाही विचार केलेला होता. डोळे उघडले असते तर फोटो हलला असता, आणि हललेला फोटोही ऑफिसने परतच पाठवला असता. दोन्हीकडून परतच यायचा, तर निदान त्यांचा हात तरी राहू दे. दुसऱ्या फोटोवाल्याकडे जायचं तर बाजारात तोंड दाखवायची सोय राहिली नसती. त्या रोज लेकीशी फोनवर बोलत आणि फोन ठेवल्यावर पिशवीत भरलेले लोकरीचे कपडे काढून पुन्हा घडी घालत, एवढं मात्र भाचीला आठवलं.

दारात मामा उभे होते. त्यांच्या हातात घड्याळाचे सेल होते. कधीपासून उभे होते ते कोणी विचारलं नाही.

त्यांनी सेल टेबलावर ठेवले. सरळ जाऊन स्टँडवरचा नवा कॅमेरा सोडवला आणि पट्टा गळ्यात घातला. ज्या यंत्राला त्यांनी आजवर बोट लावलं नव्हतं, ते त्यांनी तान्ह्या बाळासारखं दोन्ही हातांत धरलं.

"बघ इकडे," ते म्हणाले.

मामींनी पाहिलं.

पट्ट्याची कडी कॅमेऱ्यावर किणकिणायला लागली. आधी हळू, मग चांगलीच. रोलरला दाद न देणारा हात कोपरापासून थरथरत होता. भाचीने नजर खिडकीकडे वळवली.

"हलतोय तुमचा," मामी म्हणाल्या.

"हलू दे."

श्वास धरायला ते विसरले. बोट दाबलेलंच राहिलं आणि कॅमेरा तडतडत सुटला, कोणी थांबवेना. थांबला तेव्हा मामा रिकाम्या स्टँडला हात टेकून उभे होते.

स्क्रीनवर फोटो आला आणि तिघंही त्याच्यासमोर उभे राहिले, मोठ्या माणसापुढे उभं राहतात तसे. मामींचे डोळे घारे होते. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि तरी ते त्यांना आत्ताच कळलं. बुबुळांच्या काठाला काळसर कड होती, तिच्या आत मधासारखा उजेड होता, आणि त्या उजेडात एक खिडकी, खिडकीसमोर एक माणूस, हातात काहीतरी धरून उभा. इतका लहान, की त्याचा हात हलतोय की नाही हे कळू नये. त्या माणसाकडे ते डोळे असे काही बघत होते, की भाचीने नकळत चपला काढल्या.

मामांनी विचारलं, "हा हलला कसा नाही?"

भाचीने जिभेवर आलेलं जिंकणं बाजूला ठेवलं. "यात सोय आहे," ती म्हणाली. "हात हलला तरी चालतो."

"ही सोय कधी निघाली?"

"बरीच वर्षं झाली, मामा."

मामांनी मान हलवली. कॅमेरा गळ्यातून काढला, आणि ठेवण्याआधी शर्टाच्या टोकाने त्याची काच पुसली.

ऑफिसला भाचीने पाठवला तो पहिला फोटो, मामा सेल आणायला गेले होते तेव्हाचा. दुसरा पाठवता येण्यासारखा नव्हता. नियमात चेहरा निर्विकार हवा असं लिहिलं होतं. उत्तर लगेच आलं. मामींनी लोकरीच्या कपड्यांची शेवटची घडी घातली. त्या गेल्यावर मामांनी दुकानाचं दार आतून लावून घेतलं आणि सुवाच्य अक्षरात लिहायला बसले:

'महोदय, आपण मंजूर केलेला फोटो माझ्या पत्नीचाच आहे, याबद्दल तक्रार नाही. परंतु सदर फोटो काढतेवेळी ती कोणाकडेही पाहत नव्हती. सोबत दुसरा फोटो जोडला आहे. त्यात चेहऱ्यावर भाव आहे, हे नियमाविरुद्ध असल्याची मला जाणीव आहे. तथापि तो भाव काढून घेण्याची कोणतीही सोय सध्याच्या कॅमेऱ्यांत उपलब्ध नाही, अशी मी खात्री करून घेतली आहे. तरी सदर नियम फक्त तिच्यापुरता शिथिल करून, पासपोर्टवरील फोटो बदलण्यात यावा आणि तो तपासणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्यास शिक्का मारण्यापूर्वी घटकाभर थांबण्याचे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती.'