नव्या बाटलीवर सही नाही

रक्ताची गुठळी करणारं एक प्रथिन असतं आणि त्याला आवरणारं दुसरं. दोन्ही एकमेकांना चिकटली की त्यांची जोडी होते. रक्तात अशा जोड्या किती, यावरून शरीरात कुठे गुठळी धरतेय का याचा डॉक्टरांना अंदाज येतो. त्या जोड्या मोजायचं काम बाई सतरा वर्षं करत होत्या. प्रयोगशाळेत त्यांना सगळे बाईच म्हणत.

जोडी पकडायला अँटिबॉडी लागते, आणि ती सुट्या प्रथिनाला चिकटली तर चालत नाही; चिकटली की रंग येतो. त्या सोमवारी अँटिबॉडीची नवी बाटली आली. बाईंनी नेहमीप्रमाणे आधी चाचणीच्या ताटलीतल्या एका खणात नुसतं सुटं प्रथिन घालून पाहिलं. खण पाण्यासारखा राहायला हवा होता, तो पिवळाधमक झाला. तीनदा केलं, तीनदा पिवळाच.

"थोडा रंग येतोच," विभागप्रमुख म्हणाले. "तेवढा वजा करा. हॉस्पिटलचे चाळीस नमुने खोळंबलेत."

"थोडा नाही, सर. हिला जोडी कुठली नि सुटं कुठलं, हेच कळत नाही. धडधाकट माणसाच्या रिपोर्टातही गुठळी दिसेल."

"तुमची सही हवीय, मत नकोय."

"मग सहीही नाही."

दुसऱ्या दिवशी बाईंना तळघरात काचेची भांडी धुवायला बसवलं. सरांनी नमुने स्वतः मोजले, स्वतःच सही ठोकली आणि रिपोर्ट पाठवून दिले.

घरी सासूबाई म्हणाल्या, "पाण्यात राहून माशाशी वैर करू नये गं."

"आई, इथे पाणीच नासलंय. माशाचं काय घेऊन बसलात?"

सासूबाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "मग सांग जाऊन. नोकरी गेली तर भांडी काय, घरीही आहेतच."

सकाळी बाई आपल्या तिन्ही चाचण्यांचे आकडे घेऊन थेट हॉस्पिटलात गेल्या. तिथल्या डॉक्टरबाईंनी कागद नीट वाचले. "चाळीसांत एकतीस जणांना गुठळी. मीही बुचकळ्यात पडले होते," त्या म्हणाल्या. दोघांना रक्त पातळ करायचं औषध सुरू झालं होतं, ते लगेच थांबवलं.

दुपारी सरांनी बोलावलं. "माझ्या पाठीमागे गेलात."

"आधी समोरूनच आले होते, सर. तुम्ही ऐकलं नाहीत."

आठवड्याभरात बाटली बनवणाऱ्या कंपनीने ती बदलून दिली. सरांनी निरोप धाडला, वर या. बाई वर आल्या, पण ओल्या हातांनी दारातच उभ्या राहिल्या.

"काम सुरू करते. आधी नोंदवहीत लिहा, ती बाटली बाद होती. तुमच्या हाताने."

सरांनी वही ओढून बारीक अक्षरात एक ओळ लिहिली.

"तारीख राहिली," बाई म्हणाल्या.

त्या वर्षी त्यांची बढती हुकली, आणि सर त्यांच्याशी कामापुरतंच बोलत राहिले. पण त्या दिवशीच बाईंनी बदलून आलेल्या बाटलीने चाळीसच्या चाळीस नमुने पुन्हा मोजले. गुठळी निघाली सहा जणांना. त्या रिपोर्टावर त्यांनी पूर्ण नावाची, ठसठशीत सही केली.