भस्माचं पाणी

काश्मीरहून आलेल्या फर वृक्षाच्या रोपांपैकी बोरी गावात एकच जगलं होतं. हैदराबादेत शिकून आलेल्या दिगंबरचं सारं संशोधन त्याच्यावरच टिकून होतं, आणि त्याची सुईसारखी पानं पिवळी पडत होती. फरला आम्लधर्मी माती मानवते. तशीच माती त्यानं कुंडीत भरली होती, पाणीही तपासून घालत होता. तरी दर चाचणीत मातीत क्षार वाढलेलाच. दिगंबर चक्रावून गेला.

अखेर त्यानं घरमालकिणीला, गंगम्माला विचारलं, "मावशी, कुंडीत काही टाकता का?"

"लिंगपूजेचं भस्माचं पाणी. पायदळी जाऊ न्हाई म्हणून. झाड आजारी दिसलं तसं जास्तच घालायलीय."

"ते अंगणातल्या बेलाला घाला की."

गंगम्मा त्याच्याकडे बघतच राहिली. "बेलाला काय झालंय?"