एकाच नावाच्या दोन ओळी

गेणूभाऊ जिना चढून वर आले आणि म्हणाले, "ताई, सगळ्या प्लेट रिजेक्ट झाल्या." उज्वलाला आधी वाटलं, दुसऱ्याच कुठल्या तरी जॉबबद्दल बोलतायत.

"चाळीसच्या चाळीस. होल बारा एमएमचे पडलेत. पायजे होते चौदाचे."

"पण मी सोमवारीच चौदा केले होते!"

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात उज्वला ड्रॉइंग काढायची. घोटीहून रोज एसटीने यायची. चार वर्षांत तिचं एकही माप चुकलं नव्हतं. २००२ साल होतं. महिन्याभरापूर्वी डिझाइन बघणाऱ्या महेश सरांनी स्वतःच्या कॉम्प्युटरवर विंडोज काढून लिनक्स टाकलं होतं आणि सगळी ड्रॉइंग त्यावर ठेवली होती. उज्वलाकडे आणि खाली गेणूभाऊंच्या मशीनजवळ विंडोजच होतं. दोघंही नेटवर्कवरून तेच फोल्डर उघडायचे.

महेश सर तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "उघड बघू."

तिने फाइल उघडली. बारा.

फाइल बंद करून पुन्हा उघडली. बाराच.

"सेव्ह करायला विसरली असशील. होतं असं."

उज्वलाने ड्रॉवरमधून सोमवारचा प्रिंट काढला. त्यावर चौदा होते, खाली तारीखही होती. महेश सर कागदाकडे आणि स्क्रीनकडे आळीपाळीने बघत राहिले.

"मंगळवारपासून ह्या फाइलचं नाव दोनदा दिसतंय," गेणूभाऊ हळूच म्हणाले. "कुठलंबी दाबा, उघडतंय येकच. सर, मी सांगितलं तवा तुम्ही म्हणाले, चष्म्याचा नंबर वाढला असंल."

उज्वलाने यादी खाली सरकवली. प्लेट-सात, आणि त्याच्याखाली पुन्हा प्लेट-सात. तीन दिवस ती हीच यादी बघत होती आणि तिला ते दिसलं नव्हतं.

तिघंही महेश सरांच्या टेबलाशी गेले. त्यांनी लिनक्सवर फोल्डर उघडलं. तिथे मात्र नावं वेगळी होती. एक सगळं इंग्रजी मोठ्या अक्षरांत, कॅपिटलमध्ये, सोमवारचं. दुसरं लहान अक्षरांत, मंगळवारचं.

"लिनक्स मोठं आणि लहान अक्षर वेगळं धरतं, त्याला या दोन फाइल," महेश सर म्हणाले. "विंडोजला एकच. जी आधी सापडेल ती उघडून देतंय."

"पण दुसरी आली कुठून?" उज्वलाने विचारलं.

त्यांनी खाली बघितलं. "मीच टाकली. गिऱ्हाइकाच्या जुन्या ड्रॉइंगची फ्लॉपी. नुसती संदर्भाला असावी म्हणून. लिनक्सने नावं लहान अक्षरांत उतरवून घेतली."

त्यांनी लहान अक्षरांची फाइल पुसायला घेतली, तोच उज्वला ओरडली, "थांबा सर! फ्लॉपीत ही एकच होती का?"

एकच नव्हती. अकरा होत्या. तिने यादी वरून खाली वाचत नेली. सातव्या ओळीवर ब्रेकचा लिव्हर होता. त्याची जाडी उन्हाळ्यात दोन एमएमने वाढवली होती, कारण जुना लिव्हर वाकत होता.

"गेणूभाऊ, लिव्हर कधी केलेत?"

"बुधवारी. दोनशे." गेणूभाऊंनी टेबलाची कड धरली. "काल सकाळी टेम्पोत गेले, ताई. म्या सोता चढवले."

मग महेश सरांनी फोन ओढला. दोनदा नंबर चुकला. तिसऱ्यांदा उज्वलाने लावून दिला.

पलीकडून गिऱ्हाइकाच्या स्टोअरकीपरने बघून येतो म्हणून सांगितलं. रिसीव्हर कानाला लावून महेश सर उभेच होते, शर्ट पाठीला चिकटला होता. बऱ्याच वेळाने आवाज आला. पेट्या तशाच होत्या. सील फुटलं नव्हतं.

महेश सर खाली बसले. "एकही बाहेर देऊ नका," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पेट्या परत आल्या. मालकांना सगळं महेश सरांनी स्वतः सांगितलं, उज्वलाचं नाव न घेता. उज्वला मात्र दिवसभर लिव्हर मोजत राहिली, दोनशेही, एकेक करून, जाडी कमी आहे हे पहिल्यालाच कळलं असूनही.