दारावर पडलेले तीन ठोके

भर दुपारी दाराला आतून कडी लावून भीतीची पुस्तके वाचणारी सून देवळीखारात शिवानीच्या आधी कोणी पाहिली नव्हती. त्या पुस्तकमालेचे नाव होते ‘पडीक शहर’ आणि तिचे नऊ भाग होते. मेलेली माणसे उठतात, जिवंतांना चावतात, चावलेलीही मरून उठतात आणि वस्त्यांमागून वस्त्या ओस पडतात, एवढीच काय ती कथा. पण लिहिणाऱ्याच्या हाती कसब होते. रितेशने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, नवी मुंबईच्या नोकरीवरून येताना पहिला भाग गंमत म्हणून आणला. पुढचे भाग तिने स्वतः अलिबागच्या वाचनालयातून आणले. आठव्या भागापर्यंत येता येता ती दिवेलागणीनंतर परसात एकटी जाईनाशी झाली होती.

सासू नीराबाई निरक्षर नव्हत्या, पण छापलेल्या भुताचा त्यांना राग होता.

“मेलेल्याला काय भितेस गो?” त्या म्हणत. “मेलेला कोनाच्या अध्यात न्हाय, मध्यात न्हाय. जित्याला भी.”

“आई, गोष्ट आहे ती.”

“गोष्ट हाय तर मंग मोरीत जाताना मला कशाला हाक मारतेस?”

शिवानी पुन्हा पुस्तकात डोके घाली. वाचणे सोडवत नव्हते आणि वाचलेले सोसत नव्हते.

देवळीखार हे गाव खाडीकाठचे, आणि भरतीच्या पातळीहून खालचे. खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचा एक बांध, तेवढाच काय तो आधार. बांधाला भगदाड पडले तर त्याला खांड म्हणतात. खारे पाणी एकदा शिवारात शिरले की दोन-तीन वर्षे त्या जमिनीत भाताचा दाणा होत नाही. म्हणून खांड पडली की प्रत्येक घरातून एक कर्ते माणूस बांधावर गेलेच पाहिजे, असा गावाचा दंडक होता. दुसरा दंडक असा की खांड बुजेपर्यंत तिचे नाव तोंडातून काढायचे नाही. सांगायला आलेला माणूस दारावर काठीचे तीन ठोके मारतो आणि एक अक्षर न बोलता पुढच्या घरी जातो. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात नीराबाईंनी हे शिवानीला बजावून सांगितले होते आणि तिने मानही डोलावली होती. नंतरच्या चार वर्षांत बांध कुठे फुटला नाही, आणि ऐकलेले तळाशी जाऊन बसले.

ती पिठोरी अमावास्या होती. उधाणाची भरती दुपारी साडेबाराच्या सुमारास भरायची होती. नीराबाई मागच्या पडवीत अळू चिरत होत्या. शिवानी माजघरात पलंगाला टेकून आठवा भाग वाचत होती, आणि नेमके ते प्रकरण वाचत होती ज्यात मेलेल्यांची वाचा गेलेली असते, पण दार म्हणजे काय हे मात्र त्यांच्या हातांना आठवत असते. ते येतात, ठोकतात आणि थांबतात. आतल्याने “कोण?” म्हणून विचारले की त्यांना आत माणूस असल्याचे कळते. त्या प्रकरणात एक बाई आपल्या दाराशी तोंडावर हात दाबून बसलेली होती.

दारावर तीन ठोके पडले.

शिवानीच्या हातातले पुस्तक मांडीवर उलटे पडले. तिने वाट पाहिली. गावात कोणी दार ठोकत नाही. उंबऱ्याशी येऊन नावाने हाक मारतात. हाक आली नाही. बाहेर कोणीतरी धापा टाकत होते, एवढेच ऐकू येत होते.

ती उठली आणि खिडकीच्या फटीला डोळा लावला. अंगणात एक माणूस उभा होता. डोक्यापासून पायापर्यंत राखाडी. केस चिकटलेले, तोंड उघडे, एक पाय मागून ओढत तो वळला आणि शेजारच्या घराकडे निघाला. पायाच्या मागे रक्ताचा ओला पट्टा उमटत गेला. तो गावातलाच दादू होता. सकाळी त्याच्याच परसातून तिने अळू आणले होते. तो दादू आहे हे तिला ठाऊक होते, आणि तरीही तिच्या हाताने दाराची वरची कडी घातली. हे खरे आहे म्हणून सांगायचे. तिची बाजू घेण्यासाठी नव्हे. ओळखीच्याच माणसाचे तसे होते, हेच तर आठ भाग तिला सांगत आले होते.

“शिवानी,” मागून नीराबाईंचा आवाज आला. “ठोके पडले. ऐकलेस का?”

शिवानीने तोंडावर हात दाबला.

“शिवानी? कुठं हायेस गो?”

ती पलंग आणि भिंत यांच्यामधल्या जागेत खाली सरकली. पडवीत भांडे ठेवल्याचा आवाज झाला, मागचे दार करकरले, आणि मग काहीच नाही. किती वेळ ती तशी बसली याचा तिला पुढे कधी हिशेब लागला नाही. पंधरा मिनिटे असतील, वीस असतील. शेवटी उकाड्याने घाम डोळ्यांत गेला आणि तिला सासूची आठवण झाली.

“आई?”

मागची पडवी रिकामी होती. अळू अर्धे चिरलेले, विळी तशीच उभी. मागचे दार सताड उघडे. चपला जागेवर होत्या आणि भिंतीला टांगलेले घमेले मात्र नव्हते. चिखलात उतरायला चपला लागत नाहीत.

तेव्हा ते सगळे तळातून एकदम वर आले. तीन ठोके, न बोलणे, प्रत्येक घरातून एक माणूस. रितेश कामावर. घरात दोन बायका. त्यांतली एक चौतीस वर्षांची, धडधाकट, पलंगामागे लपलेली. दुसरी सहासष्टची, डाव्या गुडघ्याने अधू. बांधावर घराची जागा रिकामी राहू नये म्हणून ती दुसरी गेली होती.

शिवानी धावत सुटली. पोटरीला आलेल्या भातामधल्या अरुंद वाटेवर तिचे पाय पुन्हा पुन्हा घसरत होते. गावात एकही माणूस दिसत नव्हता. घरे उघडी, चुलीवर भांडी, अंगणात बांधलेली कुत्री, आणि लख्ख ऊन. असे गाव तिने शेकडो वेळा वाचले होते. आता मात्र तिला भीती दुसरीच होती, आणि ती कोणत्याही पानावर नव्हती: आपण पोहोचेपर्यंत म्हातारी बुडाली असली तर?

बांधाच्या माथ्यावर येताच ती जागच्या जागी खिळली.

बांध बारा-पंधरा हात वाहून गेला होता. त्या भगदाडात माणसांची एक रांग छातीइतक्या पाण्यात उभी होती, हात एकमेकांच्या कमरेत अडकवलेले, तोंडे खाडीकडे. भरतीचा लोंढा ती अंगावर घेत होती, आणि त्या आडोशाला मागची माणसे चिखलाची ढेकळे आणि भरलेली पोती रचत होती. सगळे एकाच रंगाचे. बाई कोण, पुरुष कोण कळत नव्हते. पाण्याचा रेटा आला की रांगेतून एकच कण्हणे उठे आणि रांग डुलून पुन्हा सरळ होई. कोणी बोलत नव्हते.

रांगेच्या अलीकडच्या टोकाला, बांधाच्या तुटक्या कडेशी, एक लहानखुरे डोके होते. अंबाडा सुटलेला. नीराबाईच.

“वहिनी, तुम्ही?” पोते उचलता उचलता हर्षद म्हणाला. बांधाची देखरेख त्याच्याकडे होती. “काकींना किती सांगितलं, कडेला बसा. म्हणाल्या, माझ्या घरचा माणूस रांगेत पायजे. कडेला उथळ हाय म्हणून तिथं उभ्या केल्या.”

“त्यांना वर घ्या.”

“आत्ता कसं घेऊ? एक सुटला की सगळी जातील. त्यांच्या जागी कोणी उतरलं तर घेऊ.”

एवढे बोलून तो वळला; त्याला उभे राहायला वेळ नव्हता. नीराबाईंच्या शेजारची गोदू, गावातली सर्वांत दांडगी बाई, मान वळवून शिवानीकडे पाहत होती. नीराबाईंनी तिच्या कमरेला मिठी घातली होती, म्हणून मोकळा राहिलेला हात तिने वर केला. राखाडी, बोटांतून चिखल ओघळणारा तो हात शिवानीकडे पसरला आणि तसाच राहिला.

शिवानी एक पाऊल मागे सरली. तिला रडू येत होते. हा गोदूचा हात आहे, असे ती स्वतःला समजावत होती, आणि तिच्या अंगातला एकेक स्नायू त्या हातापासून लांब ओढत होता.

तेवढ्यात उधाणाची मोठी लाट आली. बांधाची कड ढासळली, परातीएवढा एक तुकडा नीराबाईंच्या पायाखालून निघून गेला आणि ते लहानखुरे डोके पाण्याखाली गेले. ओरडण्याइतकाही वेळ त्यांना मिळाला नाही.

शिवानीने उडी मारली असे लोक सांगतात. ती उडी नव्हती. ती घसरली आणि पडली, आणि पडताना तिचा हात एका लुगड्याच्या सोग्यात अडकला. तिने तो सोगा मुठीत आवळला. पाणी नाकातोंडात गेले, मांडीपर्यंत पाय चिखलात रुतले, चिखलाने घोटे धरून खाली ओढले. तिने दुसरा हात म्हातारीच्या काखेत घातला आणि तिला वर उचलले. गोदूचा हात तिच्या कमरेभोवती येऊन बसला आणि रांग पुन्हा जुळली.

नीराबाई खोकल्या. पाणी ओकल्या. मग सुनेच्या खांद्यावर मान टेकवून दम घेत राहिल्या. त्यांना बाहेर काढायला आता वाव नव्हता. कड मऊ झाली होती, चढवताना पुन्हा ढासळली असती. भरतीचा जोर ओसरेपर्यंत त्यांना असेच वर धरून ठेवायचे होते.

“पाय लागतोय का, आई?”

“न्हाय.”

“मी धरलंय.”

“ते कळतंय.”

एक लाट गेली. दुसरी गेली. शिवानीच्या हनुवटीला पाणी लागत होते. म्हातारीचे अंग हळूहळू गार आणि जड होत चालले होते, आणि दर थोड्या वेळाने शिवानी तिला विचारत होती, “आई, जाग्या आहात ना?” एकदा उत्तर उशिरा आले. तो मधला वेळ शिवानीच्या आयुष्यातला सर्वांत लांब होता.

“तू घरात व्हतीस,” नीराबाई म्हणाल्या. आवाज अगदी बारीक होता, पण त्यातला हुकूम गेला नव्हता. “हाक मारली तवा.”

खोटे बोलायला जागा होती. झोप लागली होती म्हणता आले असते. गोदूने आणि हर्षदनेही ते मानले असते.

“होते,” शिवानी म्हणाली. “पलंगामागे लपले होते. पुस्तकात तसंच ठोकतात. दादूला खिडकीतून पाहिलं, ओळखलं, आणि तरी दार लावलं.”

पलीकडून गोदूने मान वळवली. “आन् आता?” तिने विचारले. “आमची तोंडं बघून भ्या वाटत न्हाय व्हय तुला?”

“वाटतंय,” शिवानी म्हणाली. तिचे दात वाजत होते. “सोडू नकोस मला.”

गोदू हसली की कण्हली ते कळले नाही. तिच्या हाताची पकड मात्र घट्ट झाली. नीराबाईंचा श्वास सुनेच्या मानेवर लागत होता, तो शिवानी मोजत राहिली.

एकच्या सुमारास पाणी थबकले, आणि मग उतरू लागले. मागे रचलेली पोती पाण्यावर दिसू लागली. रांग एका टोकाकडून सुटत आली. हर्षद आणि दादू फळी टाकून कडेशी उतरले आणि त्यांनी दोघींना मिळून वर ओढले, कारण वेगळे करता येईना. नीराबाईंचे ओठ निळे पडले होते, पण डोळे उघडे होते. कोणीतरी घोंगडी आणली. कोणीतरी अलिबागच्या दवाखान्यासाठी रिक्षा सांगायला धावले.

शिवानीची मूठ लुगड्याच्या सोग्यावर तशीच आवळलेली होती. तिने उघडायचा प्रयत्न केला. बोटे तिचे ऐकत नव्हती. शिंपल्याने कापलेला पाय पुढे पसरून दादू शेजारी बसला आणि तिची करंगळी अलगद सोडवू लागला. तिने त्याच्या चिखलाने माखलेल्या तोंडाकडे पाहिले आणि तिच्या अंगावर शहारा आला. तिने मान मात्र फिरवली नाही.

“राहू दे रे,” नीराबाई घोंगडीतून म्हणाल्या. “तिची ती सोडंल. रिक्षात दोघी मावू.”