जगासाठी पऱ्हे

माझी नोकरी ऐकली की लोक हसतात. नागपुरातल्या एका संस्थेत मी जगबुडीचे अहवाल लिहिते. अणुयुद्ध झालं, धुरानं सूर्य झाकला, सगळीकडची पिकं एकदमच गेली, तर माणसं खातील काय? पाच वर्षं हेच. शेवटी मीच इतकी घाबरले की नवऱ्याला, हेमराजला, सांगून टाकलं, आपल्याला मूल नको. तो 'बरं' म्हणाला. पण हल्ली पाळण्यांच्या दुकानापुढून जाताना बिचारा मान दुसरीकडे वळवतो.

बाबांना हे फोनवर सांगायचा धीर झाला नव्हता. "साऱ्या जगाचं धान एकदमच जाऊ शकते जी बाबा," एवढंच बोलून रडले होते. म्हणून जुलैत धानाच्या पट्ट्यातल्या, गोरेगावजवळच्या आमच्या गावी गेले, तर आई दारातच कडाडली, "पाय तुया बापाचे चाळे!"

बाबा दरवर्षी धानाचे पऱ्हे, म्हणजे रोवणीची रोपं, आमच्या गरजेपेक्षा थोडे जास्त टाकतात. कोणाचे पाण्यात सडले तर तो येतो, फुकट घेऊन जातो. आमच्याकडची ही रीतच आहे. यंदा मात्र बाबांनी घरी खायला ठेवलेलं धानही पेरून दोन अख्ख्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, हिरव्या केल्या होत्या.

"एवढे कायले जी बाबा?" घरामागच्या बांधीत पऱ्हे उपटणाऱ्या बाबांना मी विचारलं.

"तूच म्हनली ना, साऱ्या जगाचं जाईन म्हून."

"जग काय एसटीत बसून येऊन राहिलं?" आई मागून ओरडली.

मी पोट धरून हसले. किती महिन्यांनी! सूर्यच झाकला तर पऱ्हेही उगवत नाहीत, हे माझ्या अहवालात पानंच्या पानं भरून आहे. ते सांगवेना.

"पन कोनासाठी बाबा?"

"ते मले आताच कसं मालूम? जो येईन त्याच्यासाठी."

"अन् कोनी आलाच नाही तं?"

"ढोरं खातीन. पन कोनी आला अन् माह्याजवळ नसले, तं तोंड कसं दाखवू?"

मग मी सांगून टाकलं. मूल नको, भीती वाटते. बाबा चिखलात तसेच उभे राहिले. त्यांचे डोळे भरले, माझेही.

"नको तं नको, बाई. तू आनंदात राह्य," एवढंच म्हणाले आणि पुन्हा वाकून जुड्या बांधू लागले. मीही शेजारी वाकले.

दुपारी चोरखमारा गावाकडचा बकाराम मोटारसायकलवर आला. त्याचे सगळे पऱ्हे सडले होते. त्याला पाहताच बाबा घराकडे तोंड करून पोरासारखे ओरडले, "अवो चेतनाची माय, जग आलं वो!"

आईनं बकारामला चहा दिला, शिव्या बाबांना.

चिखलाच्या हातांनीच मी हेमराजला फोन लावला. "भीती गेली नाहीये. पण घरात एकाची जागा जास्तीची ठेवू या."

तो हळूच म्हणाला, "कोणासाठी?"

"ते मले आताच कसं मालूम?"