चुकून लागला, माफ करा

त्या ऑफिसात बाहेर फोन लावायचा तर आधी एक दाबावा लागे. एक दाबला की बाहेरची लाइन मिळायची, मग पुढे हवा तो नंबर. हा नियम कुणी केला नि का केला, हे विचारायच्या फंदात कुणी पडलं नव्हतं. आणि त्या शहरातले झाडून सगळे नंबर दोनने सुरू होत. आता यात एवढं वाईट काय, असं तुम्ही म्हणाल. वाईट हे, की सोळा वर्षं दिवसभर तोच एक दाबून दाबून निम्म्या फोनांवरचं ते बटण पार झिजलं होतं. एकदा दाबलं तरी दोनदा लागायचं. एक, पुन्हा एक, आणि त्यापुढे दोन; हे तीन आकडे ओळीने आले की यंत्र ते तसेच थेट बाहेर जोडायचं. झालं! एकशे बारा. माणूस माल का आला नाही ते विचारायला फोन करायचा आणि पलीकडून बाई विचारायची, "आपत्कालीन सेवा, काय झालंय?" मग याची जी तंतरायची! रिसीव्हर आपटायचा आणि आपण त्या गावचेच नाही अशा थाटात चहा प्यायला निघून जायचा.

निस्तरायचं कुणी? बोर्डवाल्या ताईंनी.

ताई म्हणजे ऑफिसच्या टेलिफोन ऑपरेटर. तळमजल्यावर काचेची खोली, कानाला हेडफोन, समोर लुकलुकणारे दिवे. एकशे बाराचा फोन असा मध्येच तुटला की तिकडची माणसं उलटा फोन करत, आणि तो यायचा थेट ताईंच्या बोर्डावर. नीट उत्तर मिळालं नाही तर ते गाडी पाठवत. त्यांचा नियमच होता तसा.

सुरुवातीला ताई हे काम अगदी चोख करायच्या. बोर्डाशेजारच्या छोट्या प्रिंटरमधून प्रत्येक फोनची चिठ्ठी निघे, तिच्यावर तो कुठल्या खोलीतून लागला त्याचा आतला नंबर असे. पलीकडच्या बाईला थांबवून ताई चिठ्ठी वाचायच्या, त्या खोलीत फोन लावायच्या आणि विचारायच्या, "सगळं ठीक आहे ना?" लोकांना याचा भारी जाच वाटे. खरेदी विभागातला एक थोराड कारकून तर एकदा म्हणाला, "जिवंत आहे हो ताई मी अजून. तुमची निराशा झाली का?" त्याच्या मागे अख्खा विभाग खिदळला.

ताईंना एवढी काळजी का, याला कारण होतं. त्यांचा नवरा त्याच ऑफिसात, खाली तळघरात, जुन्या फायली सांभाळायचा. त्यांना सगळे रेकॉर्डकाका म्हणत. मागच्या वर्षी काकांच्या छातीत कळ आली होती. त्या वेळी निभावलं, पण डॉक्टरांनी बजावलं की पुन्हा असं झालं तर पहिला अर्धा तासच काय तो हातात असेल. घरी आल्या आल्या ताईंनी त्यांना समोर बसवलं.

"हे बघा, पुन्हा तसं वाटलं तर आधी एकशे बारा लावायचा. मला नाही. मी काय डॉक्टर आहे? आणि माझा बोर्ड कधी मोकळा असतो?"

"बरं बाई."

"हसू नका. म्हणून दाखवा."

"आधी तिकडे, मग तुला," काका म्हणाले. ताईंनी ते तीनदा म्हणवून घेतलं. तिसऱ्यांदा काका म्हणाले, "अगं, शाळेत एवढं पाठांतर केलं असतं तर आज साहेब झालो असतो."

म्हणून ताईंचा जीव त्या झिजलेल्या बटणात अडकला होता. उद्या त्या एकशे बारावाल्यांचा या नंबरवरचा विश्वासच उडाला तर? त्यांनी टेलिफोन दुरुस्तीवाल्याला गाठलं. तो म्हणाला, "एकाच्या जागी आठ करून टाकू. बाहेरच्या लाइनला आठ दाबायचा. दहा मिनिटांचं काम आहे ताई, फक्त साहेबांची सही आणा."

ताईंनी तीन अर्ज केले. पहिला साहेबांनी वाचला नाही. दुसरा वाचून म्हणाले, "लोकांच्या हाताला सवय झालीय. उगाच गोंधळ होईल." तिसऱ्यावर मात्र त्यांनी तोडगा काढला, आणि काय तोडगा! प्रत्येक फोनवर कागदाची पट्टी चिकटवली: 'एक हा आकडा एकदाच व हळू दाबावा. आदेशावरून.' दोष बटणाचा आणि उपदेश बोटाला. पट्ट्या चिकटवायचं कामही ताईंच्याच गळ्यात पडलं. तळघरातली पट्टी चिकटवताना काका म्हणाले, "हळू दाबतो हो. तुझा साहेब नाजूक आहे."

मग एक दिवस ताई हात धुवायला गेल्या असताना उलटा फोन आला आणि कुणी उचललाच नाही. पाच मिनिटांत भोंगा वाजवत गाडी दारात हजर. तेव्हा साहेबांच्या खोलीत बाहेरची मोठी माणसं बसली होती. ती खिडकीतून बघतायत आणि खाली दोन जण स्ट्रेचर घेऊन विचारतायत, पेशंट कुठंय. साहेबांची पुरती शोभा झाली. संध्याकाळी त्यांनी ताईंना बोलावलं.

"तुम्ही खोल्याखोल्यांतून चौकशी कशाला करत बसता? लोकांच्या तक्रारी आहेत. फोन आला की उचलायचा, चुकून लागला म्हणायचं, संपलं. आणि बोर्ड सोडून जायचं नाही."

"पण साहेब, एखादा खरा असला तर?"

"आजवर चाळीसेक झाले असतील. एक तरी खरा निघाला?"

निघाला नव्हता. दुसऱ्या दिवशी तेच लेखी हातात पडलं.

ताईंनी ऐकलं. आणि खरं सांगायचं तर त्यांना ते सोपंही गेलं. कुणाची बोलणी नाहीत, कुणाचं खिदळणं नाही. महिना-दोन महिन्यांत ते वाक्य जिभेवर असं बसलं की बोलायला वेगळं डोकं लागेना. चिठ्ठी निघायची, ताई ती न वाचता फाडून घ्यायच्या आणि टेबलावरच्या कागद टोचायच्या उभ्या सुईत खोचायच्या. पलीकडची बाई तर आता ओळखीचीच झाली होती. "आज पुन्हा का हो ताई?" असं ती हसून विचारायची.

तो मंगळवार होता. दुपारचे तीन वाजून गेले होते, बोर्डावर चार दिवे एकदम लुकलुकत होते आणि साहेबांना कुठलासा फोन ताबडतोब जोडून हवा होता. तेवढ्यात उलटा फोन आला.

"ताई, तुमच्याकडूनच लागला होता. पण आज कुणी बोललंच नाही. नुसतं धापा टाकल्यासारखं ऐकू आलं. मग आम्हीच कट केला."

"घाबरतात हो लोक," ताई म्हणाल्या. "चुकून लागला, माफ करा."

"नक्की ना?"

"हो हो, नक्की."

चिठ्ठी फाडली, सुईत खोचली, साहेबांचा फोन जोडून दिला.

पावणेचारला एक जण फाइल आणायला तळघरात गेला आणि ओरडतच वर आला. काका टेबलाशी पडले होते. रिसीव्हर वायरीला लोंबकळत होता. ताईंनी स्वतः एकशे बारा लावला. त्या बाईला त्यांनी ओरडून, रडून सांगितलं की हा खरा आहे, खरा आहे, आणि गाडी सहा मिनिटांत आली. सहाच मिनिटांत. डॉक्टरांनी काकांना तपासलं आणि वीस मिनिटांपूर्वीच सगळं संपलं असेल म्हणाले.

लोक सावरायला आले तर ताई काचेच्या खोलीत सुईतल्या चिठ्ठ्या उपसत होत्या. हवी ती सापडली. वेळ तीन वाजून चार मिनिटं, आतला नंबर तळघराचा. आयुष्यभर या माणसाने बायकोचं एक ऐकलं नव्हतं. चष्मा जागेवर ठेवला नाही, गोळ्या वेळेवर घेतल्या नाहीत. आणि ऐकलं ते नेमकं हे. ताईंना फोन लावला असता तर त्या चपला न घालता धावल्या असत्या. पण आधी तिकडे, मग तुला. तीनदा म्हणवून घेतलं होतं.

पंधरा दिवसांनी ताई कामावर आल्या. घरात बसून तरी काय करायचं होतं? साहेब स्वतः काचेच्या खोलीपर्यंत आले. म्हणाले, "स्वतःला दोष देऊ नका. तुम्ही नियमाप्रमाणेच वागलात." असं म्हणायला त्या माणसाची जीभ कशी रेटली, देव जाणे. ताईंनी हेडफोन कानाला लावला. तेव्हा ते घाईघाईने म्हणाले, "आणि हो, ते आठचं काम आजच करून घेतोय."

दुरुस्तीवाला आला. त्याने ताईंच्या नजरेला नजर दिली नाही. मागची पेटी उघडली, काहीतरी दाबलं, पुन्हा दाबलं, पेटी बंद केली. ताईंनी भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. सात मिनिटं लागली होती.

ताईंनी सगळ्या खोल्यांत एकेक फोन करून कळवलं, आजपासून बाहेरच्या लाइनला आठ दाबायचा, एकशे बारालाही. तळघराचा नंबरही त्यांच्या बोटाने सवयीने लावला. तो वाजत राहिला. शेवटी त्यांनीच तो तोडला.

थोड्या वेळाने खरेदी विभागातून फोन आला. तोच थोराड कारकून. आवाज अगदी खाली गेला होता.

"ताई, एक विचारू? सवयीने एकच दाबला जातो हो. आता चुकून दोनदा लागला तर काय होतं?"

"काही होत नाही," ताई म्हणाल्या. "कसाही दाबा. आता काही होत नाही."