कन्फ्यूशिअसच्या खुर्चीवर बाबूजी

चेलनाच्या डोक्यावरचा पदर भांगाच्या दोन बोटं पुढे होता. घरात सासूबाई समोर असल्या की तो भांगापर्यंत असे, सासरे आले की दोन बोटं पुढे; कॉलेजात मात्र खांद्यावर. आज देवपूरच्या कॉलेजात, मंचावर, माईकसमोरही तो दोन बोटं पुढे होता. कारण डाव्या हाताला दीड फुटावर सासरे बसले होते.

परिसंवादाचा विषय होता, 'संस्कृती कोणी घडवायची?' ख्रिस्ती विचार मांडायला दीपक सर होते, पाश्चात्त्य तत्त्वज्ञानासाठी स्वप्नील सर आणि कन्फ्यूशिअससाठी पारोळ्याचे एक निवृत्त प्राध्यापक. त्यांची एसटी वाटेत बंद पडली. चेलनाचे सासरे पन्नालालजी सत्काराच्या शाली पोचवायला आपल्या कापड दुकानातून आले आणि प्राचार्यांच्या तावडीत सापडले.

"शेटजी, रिकामी खुर्ची बरी दिसत नाही. बसा."

शेटजी बसले. पुढ्यातल्या पाटीवर लिहिलं होतं, 'कन्फ्यूशिअस'.

सूत्रसंचालन चेलनाकडे होतं, आणि त्यांच्या घरात सून सासऱ्यांशी थेट बोलत नसे. सगळं सासूबाईंच्या नाहीतर नवऱ्याच्या, म्हणजे मननच्या मार्फत. म्हणूनच जळगावच्या कायम नोकरीचं पत्र तीन आठवडे तिच्या पर्समध्ये पडून होतं. मनन म्हणे, "आई सांगेल." सासूबाई म्हणत, "मनन सांगेल." होकार आज पाचच्या आत कळवायचा होता. सव्वाचार झाले होते.

"दीपक सर, जरा विचारता का, संस्कृती सुरू कुठून होते?"

दीपक सरांनी मान वळवली. "शेटजी, मॅडम विचारताहेत..."

"ऐकलं. सांगा त्यांना, घरातून. बाप दुकानात असला की आमच्यात मुलगा गादीवर बसत नाही. माझा मनन छत्तीस वर्षांचा आहे, अजून स्टुलावर. कुठं लिहिलेलं नाही, पण आहे."

टाळ्या पडल्या. चेलनाला मनात कबूल करावं लागलं की उत्तर अचूक होतं. कन्फ्यूशिअसच्या लेखी माणूस घडतो तो रीत पाळूनच. पारोळ्याच्या सरांनी एवढ्यालाच चाळीस मिनिटं घेतली असती.

"आमच्याकडे देवापुढे बाप, लेक, सून सगळे एका रांगेत," दीपक सर म्हणाले.

"रांगेत पुढे कोण?"

"कोणीच नाही."

"मग रांग कसली? गर्दी झाली."

स्वप्नील सर सरसावले. "पाश्चात्त्य विचार सांगतो, माणसानं स्वतःच्या बुद्धीनं ठरवावं. कुणाला विचारायचं कारण नाही."

"तुमच्यासाठी मुली कोण बघतंय, सर?"

"आई," स्वप्नील सर म्हणाले, आणि सभागृह हसून हसून आडवं झालं.

चेलनाने टिपणाचा कागद उलटला. "दीपक सर, त्यांना सांगा, कन्फ्यूशिअस असंही म्हणतो की आईवडील चुकत असतील तर मुलानं ते सांगावं. नम्रपणे, पण सांगावं."

"मॅडम," दीपक सर हात जोडून म्हणाले, "शेटजी माझ्यापेक्षा तुम्हालाच जवळ आहेत."

पन्नालालजी माईककडे बघत म्हणाले, "विचारा, मध्ये कुणाला घालून सांगावं, असं म्हणतो का तो?"

चेलनाने टिपण पुन्हा तपासलं. "नाही. मध्यस्थाचा उल्लेख नाही."

"आणि ऐकलं नाही तर?"

"आदर न सोडता पुन्हा सांगावं."

"म्हणजे पक्का दुकानदार दिसतो." त्यांनी पुढ्यातली पाटी सरळ केली. "पण हे मुलाचं झालं. सुनेचं काय?"

इथे खोटं बोलणं तिला जमलं नसतं. "सुनेबद्दल इथे तो काहीच म्हणत नाही."

"म्हणजे मनाई तरी नाही."

तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, की गेली तीन उत्तरं ती थेट त्यांनाच देत होती. दीपक सर तर निवांत पाणी पीत बसले होते. पन्नालालजी समोरच्या पाटीकडे बघत होते, पण कान तिच्याकडे होते. "घरात तीन आठवडे सगळे माझ्याकडे बघून गप्प होतात," ते हळूच म्हणाले. "कुणीतरी बोला की."

चेलनाने माईक बंद करायला त्याचं बटण खाली केलं. ते महिनाभर बिघडलेलं होतं, त्यामुळे पुढचं वाक्य शेवटच्या बाकापर्यंत गेलं.

"बाबूजी, जळगावची नोकरी मी घेतेय. एक तारखेपासून सोमवार ते शनिवार तिकडेच राहीन, दर रविवारी घरी येईन."